भिंतीवरचे आजोबा

१

चित्रवालीला सकाळी आठ वाजता निरोप आला आणि साडेआठला ती त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात उभी होती. समोर डॉक्टरआजोबांचं तैलचित्र जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. काळा कोट होता, गळ्यात स्टेथोस्कोप होता, मांडीवर एकावर एक ठेवलेले दोन हात होते. डावा कान अर्धा शिल्लक होता. चेहरा मात्र नव्हता. कुणीतरी तो लंबगोल कापून नेला होता आणि त्या भोकातून मागची पिवळट फळी दिसत होती.

जुनी चित्रं दुरुस्त करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. उंदरांनी कुरतडलेली चित्रं तिने पाहिली होती, छप्पर गळून धुऊन निघालेली पाहिली होती, नवऱ्याच्या चित्राला गाढवाचे कान काढणारी एक बायकोही पाहिली होती. पण हे वेगळं होतं. डोळेच नसलेला तो माणूस आपल्याकडे बघतोय असं तिला वाटलं, आणि ते वाटणं काही केल्या जाईना.

"किती वेळ लागेल?" साहेबांनी विचारलं.

साहेब म्हणजे या घरचे कर्ते. शहरात त्यांची फर्निचरची तीन मोठी दुकानं होती. आज संध्याकाळी सहा वाजता दवाखान्याच्या नव्या इमारतीला त्यांच्या आजोबांचं नाव देणार होते आणि त्याच व्यासपीठावर साहेबांना दवाखान्याचं अध्यक्ष करणार होते. आजोबांची गोष्ट शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. साथीच्या वर्षी सगळे पळून गेले, हे एकटे डॉक्टर रोग्यांपाशी राहिले आणि तिथेच गेले. या गोष्टीच्या जोरावर साहेबांना लहानपणी चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला, पुढे मोठ्या घरची मुलगी मिळाली आणि कुठल्याही सभेत पहिल्या रांगेतली खुर्ची मिळू लागली.

"चेहराच नाही, तर मी दुरुस्त काय करू?" चित्रवाली म्हणाली.

"चेहरा सापडेल," मालकीणबाई म्हणाल्या. "हिनेच लपवलाय कुठेतरी."

हिने म्हणजे मावशीने. मावशी दाराशी उभी होती. वीस वर्षं ती या घरची झाडलोट करत होती, आणि आज सकाळपासून तिला बसायलाही कुणी सांगितलं नव्हतं.

मालकीणबाईंनी सगळं बोटांवर मोजून सांगितलं. काल दुपारी बारा वाजता कामगारांनी चित्र उतरवलं, चौकटीला ताजं पॉलिश केलं आणि वर कापड टाकून ते इथेच टेकवून ठेवलं. पाचनंतर दिवाणखाना पाहुण्यांनी भरलेला होता, ते गेल्यावर खोलीला कुलूप लागलं. सकाळी सातला कापड काढलं तर हे असं. म्हणजे जे झालं ते दुपारी, तीन ते पाचच्या दरम्यान, साहेब आणि त्या स्वतः दवाखान्यात मांडव बघायला गेले होते तेव्हा.

"घरात दोघीच होत्या. सासूबाई आणि ही. सासूबाईंना खुर्चीतून उठवायला माणूस लागतो. मग राहिलं कोण?"

"मी चित्राला हात लावला नाही," मावशी म्हणाली. "लेकीची शपथ."

"लेकीचं नाव घेऊ नकोस. तुझी लेक नर्स आहे ना त्याच दवाखान्यात? समारंभ होईपर्यंत मी गप्प बसणार आहे. सात वाजता तू पोलिसांच्या हवाली, आणि लेक घरी."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. चित्रवालीला तिथे नजर ठेववेना, म्हणून ती चित्रापाशी खाली बसली. बसल्या बसल्या तिच्या तळव्याला फरशी गार लागली. चित्राच्या समोरची हातभर जागा ओलसर होती, आणि तिथून एक वास येत होता. उग्र, दवाखान्यातला.

"इथे कुणी फरशी पुसली का आज?"

मालकीणबाईंचा तोरा एका क्षणात उतरला. त्यांनी साहेबांचा दंड धरला.

"परत आले होते," त्या पुटपुटल्या. "सातला फरशी कोरडी होती, आणि मग आम्ही सगळे आत होतो."

"कोण?"

"डॉक्टरआजोबा."

२

ही गोष्ट महिनाभर चालू होती, आणि घरातल्या कुणालाही ती बोलायला नको होती. साहेबांचे धाकटे भाऊ शाळेत मास्तर होते, आणि त्यांना मात्र बोलायला आवडत असे. त्यांनी चित्रवालीला जिन्याखाली नेऊन सांगितलं.

इमारतीला आजोबांचं नाव द्यायचं ठरलं त्याच आठवड्यात हे सुरू झालं. कधी भल्या सकाळी, कधी दुपारी, घर निजलेलं असताना. चित्राखालची फरशी ओली सापडायची आणि खोलीभर दवाखान्याचा वास. मालकीणबाईंनी दोनदा आवाजही ऐकला होता, ओलं फडकं पिळल्यासारखा. तेव्हापासून त्या दिवाणखान्यात एकट्या जात नसत. पाहुण्यांना मात्र त्या हीच गोष्ट फुलवून सांगत. अमक्याच्या घरी झुंबर आहे, तमक्याच्या घरी संगमरवर आहे, पण ज्यांचे आजोबा मेल्यानंतरही फेरी मारून जातात असं घर एकच, हे सांगताना त्यांची भीती कुठल्या कुठे जायची.

"तुमचा विश्वास आहे?" चित्रवालीने विचारलं.

"मी हसायचो. मग एकदा तो वास मलाही आला. त्या दिवसापासून हसत नाही." धाकटे इकडे तिकडे बघत म्हणाले, "आणि आधीच सांगतो, काल मी साडेचारला घरी आलो होतो. दादाचं आणि माझं वाजलंय, हेही सगळ्यांना माहीत आहे. आजोबा आम्हां दोघांचे, आणि मिरवायचं एकट्याने. पण मला राग आला असता तर मी आख्खं चित्र फाडलं असतं. चेहरा कापत बसलो नसतो."

हे चित्रवालीला पटलं. दिवाणखान्यात परत येऊन तिने भिंग काढलं आणि भोकाच्या कडा तपासल्या. कापड सुरीने नव्हे, छोट्या कात्रीने कापलं होतं; कडेला बारीक बारीक पायऱ्या पडल्या होत्या. कॅनव्हासचे धागे पुढच्या बाजूला वळले होते आणि रंगाचे टवकेही पुढेच उडाले होते. म्हणजे कात्री मागून चालवली होती.

तिने चित्र पालथं केलं. मागच्या फळीला सहा स्क्रू होते. कुणीतरी ते काढले होते, फळी बाजूला ठेवली होती, काम उरकल्यावर ती परत बसवून सहाही स्क्रू नीट पिळले होते. चेहरा मागून दिसत नाही. म्हणूनच डावा कान अर्धा राहिला होता. समोरून दोन मिनिटांत होणारं काम कुणीतरी पाऊण तास खपून, न बघता केलं होतं.

चौकटीवर तिला आणखी एक गोष्ट दिसली. ताज्या पॉलिशला लोकरीचे तंतू चिकटले होते, चारही बाजूंना. चित्र पालथं घालण्याआधी खाली काहीतरी मऊ अंथरलं होतं.

चेहरा कापायचा, पण त्याआधी त्याला ओरखडा पडू नये म्हणून खाली लोकर अंथरायची. चोर असं करत नाही, वैरीही करत नाही. असं कोण करतं, हे तिला कळेना, आणि कळेना म्हणूनच भीती वाटू लागली.

तेवढ्यात आतून मालकीणबाईंचा आवाज आला. मावशीची पिशवी सापडली होती, आणि त्या पिशवीत काहीतरी होतं.

३

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फिनेलची बाटली उभी होती. जुन्या पद्धतीची, काळसर, अर्धी संपलेली.

"बघा!" मालकीणबाई ओरडल्या, रागाने की सुटकेने, कोण जाणे. "माझ्या घरात फिनेल येत नाही. आम्ही गुलाबाच्या वासाचं आणतो. महिनाभर ही आम्हांला घाबरवत होती! आणि चेहराही हिनेच कापला."

"ही बाटली कुणासाठी आणलीत, मावशी?" चित्रवालीने विचारलं.

मावशीने मान खाली घातली. "ते नाही सांगणार, ताई. मी शब्द दिलाय."

"तुमच्या लेकीची नोकरी जाईल."

"माहीत आहे." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तिने हात वर केला नाही. "पण शब्द दिलाय."

साहेब हे सगळं दारातून बघत होते. त्यांनी बाटलीचं बूच काढून वास घेतला, आणि एवढा मोठा माणूस एकदम लहान दिसायला लागला. चित्रवाली त्यांच्यामागून व्हरांड्यात गेली.

"मी चार वर्षांचा होतो आजोबा गेले तेव्हा," साहेब आपणहून म्हणाले. "तोंड आठवत नाही. तोंड मला त्या चित्रामुळे ठाऊक आहे. खरी आठवण एकच. ते संध्याकाळी घरी आले की मला खांद्यावर घ्यायचे, आणि त्यांच्या सदऱ्याला हा वास यायचा. डॉक्टर होते ना."

चित्रवालीला तिचे वडील आठवले, तेही चित्रं रंगवायचे. त्यांच्या सदऱ्याला टर्पेंटाइनचा वास यायचा, भिंतींना रंग देणाऱ्या माणसांच्या सदऱ्याला चुन्याचा येतो. तिने आयुष्यात डॉक्टर कमी पाहिले नव्हते. त्यांच्या अंगाला औषधांचा वास येतो, साबणाचा येतो. फिनेलचा कधी आला नव्हता.

"चार वाजेपर्यंत मला वेळ द्या," ती म्हणाली. "तोवर मावशीला कुणी काही बोलायचं नाही."

"चार वाजता काय सांगणार आहात?"

"कुणी केलं ते."

हे ती मोठ्या आत्मविश्वासाने बोलून गेली खरी, पण तेव्हा तिला काडीचंही ठाऊक नव्हतं.

४

चेहरा असताना चित्राचं बाकीचं काही कुणी बघत नाही. आता चेहरा नव्हता, म्हणून चित्रवालीने पहिल्यांदाच बाकीचा माणूस पाहिला.

कोट त्याचा नव्हता. बाह्या आखूड होत्या, मनगटं चांगली चार बोटं बाहेर आली होती. हातांची बोटं सुजकी, नखं तुटकी होती. ज्याच्या नावाचा शहरात डंका वाजत होता त्या माणसाला स्वतःच्या मापाचा कोट नव्हता?

मग तिने स्टेथोस्कोपवर भिंग धरलं. जुन्या तैलचित्राच्या रंगाला बारीक भेगा पडतात. या चित्रालाही पडल्या होत्या: कोटाला, हातांना, मागच्या अंधाराला. स्टेथोस्कोपला भेग नव्हती. उलट त्याचा रंग खालच्या भेगांमध्ये उतरून वाळला होता. म्हणजे चित्र आधी म्हातारं झालं आणि मग कितीतरी वर्षांनी त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप पडला.

फळी काढून तिने कॅनव्हासची पाठ उजेडात धरली. कोपऱ्यात पुसट शिक्का होता आणि खाली आकडा. असे शिक्के तिने स्वतःच्या कॅनव्हासवर मारून घेतले होते. कलाशाळेत परीक्षेच्या वेळी रस्त्यावरून एखादा गरजू माणूस आणतात, शाळेचा कोट त्याच्या अंगात चढवतात आणि तासांच्या हिशेबाने त्याला बसवून मुलं त्याचं चित्र काढतात. निकाल लागला की चित्रं भंगारात जातात. त्या माणसाचं नाव कुणी विचारत नाही.

एवढं कळल्यावर तिने थांबायला हवं होतं. पण सवयीने तिने स्टेथोस्कोपची चकती पुन्हा पाहिली. धातूवर चमक दाखवायला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका होता आणि त्याच्या शेजारी, विनाकारण, दुसरा अगदी बारीक ठिपका. तिने भिंग आणखी जवळ नेलं. दोन ठिपके देणारा हात शहरात एकच होता. त्याच हाताने तिला ब्रश धरायला शिकवलं होतं.

तिचे वडील दुकानात बसून हेच करायचे. कुणाच्या आजोबांना पदकं, कुणाच्या पणजीला मोत्यांचे सर, कुणाच्या काकांच्या मागे पुस्तकांचं कपाट. "लोकांना आजोबा नको असतात गं," ते हसून म्हणायचे, "आजोबांचा रुबाब हवा असतो. आपण तेवढा पुरवायचा." तीही हसायची. त्या हसण्यावर तिचं शिक्षण झालं होतं.

आता ही गोष्ट उघडी केली तर वडिलांच्या पाटीला काळं लागणार. नाही केली तर सात वाजता मावशी पोलिसांकडे जाणार. चित्रवालीने चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की त्याला तोंडच नाही.

एक व्यक्ती अजून भेटायची राहिली होती. तिला भेटायचं कुणालाच सुचलं नव्हतं, कारण तिला खुर्चीतून उठता येत नव्हतं.

५

साहेबांची आई बागेकडच्या खोलीत चाकाच्या खुर्चीत बसली होती. खुर्ची परदेशी होती. ती ढकलत फिरणाऱ्या साहेबांचे फोटो दोन वेळा वर्तमानपत्रात आले होते. म्हातारीला ऐकू कमी येत असे, म्हणून चित्रवाली तिच्या कानाशी वाकली.

शालीच्या टोकाला फिनेलचा वास होता. खाली सपाता होत्या. तळवे कोरे, पण पुढची टोकं घासून पांढरी पडलेली. गुडघ्यांवर बसणाऱ्या माणसाच्या सपाता तिथेच झिजतात.

तिने म्हातारीला काही विचारलं नाही. बरोबर चार वाजता तिने सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं.

"मावशीने हे केलेलं नाही," तिने सुरुवात केली. "मावशीने घाईत कापलं असतं. चोरून काम करणारा माणूस सहा स्क्रू परत पिळत बसत नाही. ज्याने हे केलं त्याला दुपारचा पुरेसा वेळ होता आणि आपल्यावर कुणी संशय घेणार नाही याची खात्री होती. त्याने चित्र पालथं घातलं, कारण त्या चेहऱ्यावर समोरून कात्री चालवायला हात धजावला नाही. खाली लोकरीचं वस्त्र अंथरलं. चौकटीचं पॉलिश ताजं होतं, म्हणजे त्या वस्त्राला तपकिरी चौकोन उमटलेला असणार. आणि फिनेल. तुम्ही सगळे म्हणालात, डॉक्टरांचा वास. पण हा डॉक्टरांचा वास नाही. हा फरशी पुसणाऱ्याचा वास आहे."

ती थांबली. तिने म्हातारीच्या शालीकडे पाहिलं.

"मावशी, तू बाहेर जा," म्हातारी म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "तुझ्यावरचा आळ गेला. शब्द पाळलास. जा."

मावशी बाहेर गेली. साहेबांनी दार लावलं. म्हातारीने मांडीवरची शाल उलगडली. आतल्या बाजूला तपकिरी चौकोन होता, आणि त्या घडीत एक चेहरा होता. थकलेला, दाढी वाढलेला, कुणाचाही असू शकेल असा.

"आई, उठता येत नाही ना तुला?" धाकटे म्हणाले.

"येतं की. मला कुणी विचारलंच नाही. खुर्ची आणलीत, मी बसले. तुमचा फोटो चांगला येत होता."

मग ती साहेबांकडे वळली.

"भिंतीला ओल यायची, ती झाकायला मी भंगारवाल्याकडून हे आणलं. शेजारची बाई दारातूनच बोलायची माझ्याशी. त्या दिवशी तिने विचारलं, हे कोण? माझ्या तोंडून निघून गेलं, आमचे मामंजी. तशी ती आत आली आणि बसली. पहिल्यांदा. मग दुसरी आली, तिसरी आली. तुझ्या शाळेचे मुख्याध्यापक आले. मी घाबरले आणि चित्र घेऊन हिच्या वडिलांकडे गेले. ते म्हणाले, डॉक्टर करू की वकील? मी म्हटलं, डॉक्टर करा. दवाखाना तरी खरा राहील."

"म्हणजे आजोबा..." साहेबांनी विचारलं.

"तीस वर्षं त्याच दवाखान्यात फरशी पुसली त्यांनी. साथीच्या वर्षी सगळे पळाले. डॉक्टरसुद्धा. मामंजी तेवढे राहिले. मी पाया पडून म्हटलं, चला. तर म्हणाले, माणसं ओकतायत, कुणीतरी पुसायला हवं ना. तिथेच लागण झाली. तिथेच गेले." तिने डोळे मिटले. "गोष्ट खोटी नाही रे. माणूस तेवढा बदलला मी. इतकी वर्षं रेटून नेलं. पण आता त्या दवाखान्यात, त्यांच्याच फरशीवर हा चित्रातला माणूस बसणार, हे कळलं आणि मामंजी माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. मी फिनेल मागवलं आणि याच्या पायाशी बसून फरशी पुसायला लागले. दुसरं काय करू? काल तो खाली उतरलेला होता. माझ्या समोर, माझ्या उंचीवर. इतका दमलेला दिसला. तोही कुणाचा तरी आजोबा असेल. मला वाटलं, म्हणतोय, सोडव मला."

मालकीणबाई सगळ्यांत आधी भानावर आल्या.

"सहा वाजता चारशे माणसं येणार आहेत. तुम्ही चेहरा चिकटवा. एका तासात."

"एका तासात गोंदसुद्धा वाळणार नाही," चित्रवाली म्हणाली.

"मग फुलं लावू त्या जागी. मोठं चक्र करू फुलांचं."

"नको," साहेब म्हणाले. त्यांनी आईच्या हातातला तो चेहरा घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत तिच्या मांडीवर ठेवला. ते रडत होते आणि लपवत नव्हते. "मी खरं काय ते सांगणार आहे. आहे तसं चित्र नेऊ. आज नाही बोललो तर कधीच बोलणार नाही."

चित्रवालीने त्यांच्यावर विश्वास ठेवला. तो ठेवण्यासारखाच होता. त्या घटकेला साहेबांच्या मनात दुसरं काही नव्हतं.

६

नव्या इमारतीसमोरच्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाटीवर मामंजींचंच नाव होतं, नावाआधी डॉक्टर लावलेलं. म्हातारी चालत आली आणि चित्रवालीच्या शेजारी बसली. त्यांच्या मागच्या रांगेत मावशी आणि तिची लेक होती. मालकीणबाईंनी मावशीला सगळ्यांदेखत जवळ बोलावून गैरसमज झाल्याचं सांगितलं होतं. ही चित्रवालीची अट होती.

पडदा सरकला. कोट, हात, आणि वर रिकामं भोक. मांडवातून एक थंड लाट गेल्यासारखी सगळी कुजबूज थांबली.

"हे माझे आजोबा नाहीत," साहेब म्हणाले. ध्वनिक्षेपकातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. "माझे आजोबा डॉक्टर नव्हते. ते या दवाखान्यात फरशी पुसत होते."

म्हातारीने चित्रवालीचा हात घट्ट धरला. चित्रवालीला वाटलं, आता हसतील, आता कुणीतरी ओरडेल, आता खुर्च्या सरकतील.

पहिल्या रांगेतून एक निवृत्त न्यायाधीश उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले.

"काय हा विनय!" ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या घराण्यात जन्मून माणूस स्वतःला झाडूवाल्याचा नातू म्हणवतो!"

"नाही, तसं नाही..." साहेब म्हणाले.

तोवर दवाखान्यातले सर्वांत जुने डॉक्टर काठी टेकत व्यासपीठावर चढले होते. त्यांनी साहेबांना मिठी मारली आणि ध्वनिक्षेपक आपल्याकडे ओढला. "मी तेव्हा शिकाऊ होतो. या डोळ्यांनी पाहिलंय. एवढे मोठे डॉक्टर, पण हाताखालची माणसं पळाली तेव्हा स्वतः गुडघ्यावर बसून फरशी पुसली त्यांनी! साहेब तेच सांगतायत. आणि हे चित्र बघा. चेहरा मुद्दाम ठेवलेला नाही. सेवा करणाऱ्याला चेहरा नसतो, असं म्हणायचंय त्यांना."

"कल्पना आमच्या घरातलीच," मालकीणबाई शेजारच्या बाईला म्हणाल्या. हे त्यांना इतकं सहज सुचलं की त्या स्वतःच जराशा दचकल्या.

चारशे माणसं उभी राहिली. टाळ्यांचा कडकडाट मांडवावर आदळत राहिला. त्या वर्षी पळून गेलेल्यांची मुलं-नातवंडं त्यात होती, आणि प्रत्येकाला काहीतरी आठवू लागलं होतं. साहेबांनी थांबवण्यासाठी हात वर केला. तो हात बराच वेळ हवेत तसाच होता. चित्रवाली त्या हाताकडे जीव मुठीत धरून पाहत होती. बोला, ती मनात म्हणत होती, आणखी एकदा बोला. मग तो हात हळूहळू खाली आला, छातीवर टेकला, आणि साहेबांनी मान लववली.

म्हातारीच्या हाताची पकड सुटली.

मागून कुणीतरी चित्रवालीच्या खांद्याला स्पर्श केला. मावशी होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.

"ऐकलंत, ताई? एवढे मोठे डॉक्टर, आणि खाली बसून फरशी पुसायचे. आमच्यासारख्यांनी जन्मभर पुसली तर कोण बघतं हो? पण असा मोठा माणूस बसला की बघा, त्या कामाला केवढा मान येतो."

म्हातारीला ते नीट ऐकू गेलं. सगळ्या उभ्या मांडवात ती एकटीच खुर्चीत बसून होती. व्यासपीठावर साहेब दुसऱ्यांदा मान लववत होते.